दोन लोखंडांमधली रेघ

माझं काम नेमकं काय होतं, हे मी माझ्या नणंदेला आजवर समजावून सांगू शकलेले नाही. ती नागपुरात सगळ्यांना सांगते, "वहिनी जयपूरला गॅसच्या कारखान्यात होती." कारखान्यात नव्हते हो मी. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत होते आणि शिकवून उरलेल्या वेळात असे पदार्थ तयार करत होते, जे हवा लागली की मरतात. तरी तिचं अगदीच चूक म्हणवत नाही, कारण माझा निम्मा जन्म नायट्रोजनच्या सिलिंडरमागे पळण्यात गेला.

आधी धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धातूचे तीन-चार अणू एकमेकांना धरून बसले की त्याला आम्ही क्लस्टर म्हणतो, मराठीत घोस म्हणा. आमचा घोस लोखंडाचा. तीन अणू, भोवती कार्बन मोनॉक्साइडचे रेणू चिकटलेले, आणि दोन लोखंडांवर पाय रोवून उभा असलेला फॉस्फरसचा पूल. जुन्या ट्रंकेचं झाकण आठवा. मागे बिजागरी, पुढे कडी. फॉस्फरस ही बिजागरी, आणि त्या दोन लोखंडांमधला थेट बंध ही कडी. कडी उघडली तरी झाकण सुटून पडत नाही, बिजागरी धरून ठेवते. उघडल्या जागी बाहेरचा रेणू येऊन बसतो, मग निघून जातो, कडी पुन्हा लागते. असला पदार्थ हाताशी असेल तर त्याच्याकडून पुष्कळ कामं करून घेता येतात. कडी खरोखर उघडते का आणि पुन्हा लागते का, एवढाच आमचा प्रश्न होता. ऐकायला सोपा वाटतो. आमची त्यात साडेचार वर्षं गेली.

आणि हे सगळं जयपुरात, ऐंशीच्या दशकात. पुस्तकात लिहिलेलं असतं, "ईथरमध्ये विरघळवून थंड जागी ठेवा." मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतच ईथर उकळायचं, त्याला ठेवणार कुठे? म्हणून स्फटिक करायचे ते डिसेंबर-जानेवारीत. उन्हाळ्यात फक्त हात चोळत बसायचं आणि वाचन करतोय असं दाखवायचं. आंधी आली की खिडक्यांच्या फटींतून इतकी बारीक वाळू यायची की स्टॉपकॉकच्या, म्हणजे काचेच्या तोटीच्या, ग्रीसमध्ये ती करकरायची, आणि एकदा करकरली की हवा आत गेलीच समजा. नायट्रोजन यायचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातून, वेल्डिंगवाल्यांच्या रांगेत उभं राहून. तो आधी तापलेल्या तांब्यावरून नेऊन प्राणवायू काढून टाकायचा, मगच आमच्या कामाचा. सगळं थंड ठेवायला द्रव नायट्रोजन हवा, तो मिळायचा जनावरांच्या खात्यात. वळूंचं वीर्य साठवायला ते लोक वापरायचे. तिथला बाबू मला दर वेळी विचारायचा, "मॅडमजी, आपके यहाँ कितने पशु हैं?" पहिल्या वेळी मी रसायनशास्त्र समजावून सांगायला गेले. नंतर नंतर म्हणायचे, "तीन हैं भैया, तीनों बीमार हैं."

आमचे हे रेल्वेतले. त्यांच्या बदलीने मी जयपूरला आले, आदर्श नगरात भाड्याचं घर घेतलं आणि दोन वर्षं म्हणता म्हणता तिथलीच झाले. माझा स्वभाव मुळातच धीराचा नाही. चहा उकळेपर्यंतही मी ओट्यापाशी उभी राहू शकत नाही, आणि नशिबाने काम असं दिलं की एका स्फटिकासाठी दोन-दोन महिने बाटलीला हात लावायचा नाही. विद्यार्थी मला घाबरायचे. घाबरणारच, मी ओरडायचेच तशी.

प्रज्ञा मात्र घाबरली नाही. तिचे वडील बनसोडे मूळ भुसावळकडचे, रेल्वेत गार्ड. मुलगी जयपुरातच वाढलेली, त्यामुळे तिची मराठी अडखळत यायची. मधेच "मतलब" म्हणायची आणि मग योग्य शब्द शोधायची. वडील पहिल्या दिवशी तिला घेऊन आले, स्टुलाच्या कडेवर टेकून बसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात कोणी डॉक्टर झालं नाही, ना औषधाचं ना कशाचं. पोरगी म्हणते हेच करायचंय. तुम्ही सांगाल तसं करील ती." मी म्हटलं, "माझं ऐकणारी नकोय मला, हाताला स्थिर असणारी हवीय." मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.

हात तिचा खरोखरच स्थिर होता. दुसऱ्या हिवाळ्यात तिने तो लाल पदार्थ केला. गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. त्या द्रावणातून कार्बन मोनॉक्साइड सोडला की दहा मिनिटांत तो पिवळा पडायचा, नुसता फिका पिवळा. तो वायू पंपाने ओढून घेतला आणि किंचित ऊब दिली की पुन्हा लाल. तिने हे मला दाखवलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोनदा वऱ्हांड्यात जाऊन आले. पुन्हा करायला लावलं. पुन्हा लाल.

"मॅडम, हा लाल आहे ना, तो बंद आहे. कडी लागलेली. पिवळा मतलब उघडा," ती म्हणाली.

तिचं डोकं बरोबर चालत होतं. धातू-धातूंमध्ये थेट बंध असला की पदार्थ बहुधा गडद रंगाचे असतात. पण रंग हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढलेलं अणूंचं चित्र. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं. जिथे होतं तिथे आम्ही काचेच्या केसासारख्या नळीत बंद करून स्फटिक पाठवले. मार्च उजाडला होता. वाटेत कुठेतरी नळीला चीर गेली आणि तिकडून उत्तर आलं, "नळीत तपकिरी भुकटी मिळाली." पुढच्या हिवाळ्यात स्फटिकच धरले नाहीत. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात धरले, पण जुळे, एकात एक घुसलेले, क्ष-किरणांना निरुपयोगी.

राहिला दुसरा मार्ग. फॉस्फरसचा अणू चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तो आपल्या परिस्थितीप्रमाणे साद देतो. एनएमआर म्हणतात त्याला. लांबलचक कागदावर एक आडवी रेघ येते आणि एका जागी सुळका उभा राहतो. फॉस्फरसच्या पुलाखाली कडी लागलेली असेल तर सुळका पार डाव्या टोकाला, कडी उघडी असेल तर उजवीकडे. उजवं-डावं इतकं लांब की चूक होण्याचा प्रश्नच नाही. आम्ही दोन्ही पदार्थ काचनळीत सीलबंद करून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत पाठवले. महिन्याने कागद आले.

दोन्ही सुळके उजवीकडे.

प्रज्ञाने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "मॅडम, लालचा सुळका वाकडा का आहे?" खरंच तो जरा तिरका होता. पायथ्याशी एका बाजूला खाली गेलेला, दुसऱ्या बाजूला वर. मी म्हटलं, यंत्रावर बसणाऱ्याने हलगर्जीपणा केलाय, दुसरं काय. सुळके सरळ करणं हे त्या माणसाचं काम असतं, दोन बटणं फिरवून होतं. माझ्या नाकावर राग. तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहिलं, की हा आलेख थिसिसमध्ये लावायचा आहे, कृपया सुळका नीट सरळ करून पुन्हा पाठवावा, असली कामं आमच्याकडे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा करत नाहीत. पंधरा दिवसांत सुंदर आलेख आला, सुळका देवळाच्या कळसासारखा ताठ. मी तो प्रज्ञापुढे आपटला. "हा घे तुझा वाकडा."

"पण मग रंग का बदलतो?"

"लालमध्ये कडी उघडीच आहे. उघड्या जागेवर द्रावकाचा रेणू येऊन बसला असेल. म्हणून लाल."

"मला नाही वाटत, मॅडम."

"रंगावरच भरवसा ठेवायचा असेल तर सांगानेरला जा, छिप्यांकडे कपडे छाप. इथे आलेख बोलतो."

हे मी सगळ्यांसमोर म्हणाले. दोन मुलं हसली. ती हसली नाही, चिडलीही नाही. फक्त म्हणाली, "एकदा परत मोजून घेऊ. नवा लाल करते मी." पण नवा लाल करायला हिवाळा हवा होता आणि आमच्याकडे हिवाळा उरला नव्हता. बनसोडे जूनअखेर निवृत्त होणार होते. क्वार्टर सुटणार, घर भुसावळला जाणार. प्रज्ञाला एका सरकारी कॉलेजात नोकरीचं पत्र आलेलं, पण जुलैत रुजू होताना डिग्री हातात हवी, अशी अट होती. डिग्री नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर भुसावळला स्थळं बघायला सुरुवात झालीच होती. मी तिला म्हटलं, "चौथं प्रकरण मी सांगते तसं लिही आणि सबमिट कर." तिने लिहिलं. त्या काळी रेणूंच्या आकृत्या हाताने काढायच्या, स्टेन्सिल आणि काळी शाई घेऊन. तिने लाल पदार्थाची आकृती काढली. तीन लोखंडं, फॉस्फरसचा पूल आणि पुलाखाली मोकळी जागा. तिथे बंधाची रेघ नव्हती.

थिसिस गेला, एक प्रत विभागाच्या वाचनालयात ठेवली. आणि मला चैन पडेना. कारण सांगता येत नव्हतं. वर्गात शिकवताना मधेच थांबायचे. जेवताना यांनी विचारलं, "भाजी बिघडली का?" मी म्हटलं, "लाल का आहे तो?" ते बिचारे भाजीकडे बघत राहिले. अखेर व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आठवडाभर आधी दुसऱ्या एका कामाचं निमित्त काढून मी स्वतः त्या संस्थेत गेले. प्रज्ञाच्या लालची एक सीलबंद नळी फ्रीजच्या तळाशी विसरलेली सापडली, ती थर्मासमध्ये बर्फात घालून मांडीवर ठेवून नेली.

यंत्रावरचे राघवनजी म्हणजे मला वाटला होता तसा बेफिकीर माणूस मुळीच नव्हता. चष्मा पुसत, हळू बोलणारा. माझं नाव सांगितल्यावर त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं माझंच पोस्टकार्ड दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो म्हणाला, "मॅडम, वह पीक टेढ़ा था, क्योंकि वह शायद वहाँ का था ही नहीं. आपने लिखा सीधा करो, तो मैंने सीधा कर दिया."

मग त्याने समजावलं, आणि मी, एवढी शिकवणारी बाई, पहिल्या बाकावरच्या पोरीसारखी ऐकत राहिले. यंत्र एका ठरावीक चौकटीतच मोजतं. चौकटीबाहेर फॉस्फरसने साद दिली तर यंत्राला ती ऐकू येते, पण ठेवायची कुठे ते कळत नाही. घड्याळात तेरा वाजले तर काटा एकवरच येतो ना, तसा तो सुळका चौकटीच्या दुसऱ्या टोकाने आत येऊन भलत्याच जागी उभा राहतो. त्याची एकच खूण असते, तो बहुधा वाकडा येतो. आणि ती खूण मीच दमदाटी करून पुसायला लावली होती.

राघवनजींनी चौकट रुंद केली. माझी नळी आत घातली. तास-दीड तास यंत्र मोजत होतं आणि मी त्या खोलीत येरझारा घालत होते, शेवटी त्यांनी मला बाहेर काढलं. कागद आला. उजवीकडची जागा रिकामी. आणि डावीकडे, पार डावीकडे, एक ताठ सुळका. कडी लागलेली होती. प्रज्ञा पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

परतीच्या गाडीत तो कागद मी किती वेळा उघडला आणि मिटला, देव जाणे. तिला सांगितलं तर ती थिसिस मागे घेईल, हे मला पक्कं माहीत होतं. तशीच होती ती. दुरुस्ती, पुन्हा टायपिंग, पुन्हा परीक्षकांकडे, वर्ष गेलं. जुलै गेला, नोकरी गेली. मी ठरवलं, व्हायवा होऊ दे, मग सांगू. ठरवलं म्हणजे काय, मला स्वतःला पटवायला तेवढंच सुचलं. तीन दिवस प्रज्ञा समोरून जायची आणि मी कपाटात काहीतरी शोधत असल्यासारखं करायचे.

व्हायवाला विभागातले सगळे आले होते. शेवटच्या रांगेत बनसोडे, ड्यूटीवरून थेट, गार्डाच्या पांढऱ्या कोटात, हातात मिठाईचा डबा. बाहेरगावचे परीक्षक म्हातारे आणि तल्लख. पाऊण तास सगळं छान चाललं. मग त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि विचारलं, "दोन्हीत बंध तुटलेलाच आहे, तर हा एक इतका लाल का?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत होते. तिने थिसिसमधलं उत्तर दिलं, द्रावकाच्या रेणूचं. परीक्षकांनी मान हलवली आणि पान उलटायला घेतलं. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, हे थिसिसमध्ये आहे. पण मी तो पदार्थ चाळीसेक वेळा केलाय. मला वाटतं लालमध्ये बंध आहे. मला ते सिद्ध करता आलेलं नाही."

परीक्षक माझ्याकडे वळले. "गाइडचं काय मत आहे?"

कागद माझ्या पर्समध्ये होता. पर्स मांडीवर होती. मला फक्त चेन उघडायची होती. मी म्हणाले, "मुलीचा उत्साह आहे, सर. पुरावा मात्र थिसिसमध्ये आहे तोच."

लोक हसले, चांगल्या मनाने हसले. परीक्षकही हसले आणि प्रज्ञाला म्हणाले, "पुराव्याच्या पुढे धावायचं नसतं, बेटा." तिने मान खाली घातली आणि "यस सर" म्हटलं. दहा मिनिटांनी तिला पास केलं. बनसोड्यांनी सगळ्यांना कलाकंद वाटला, माझ्या पाया पडायला वाकले, मी मागे सरले.

दोन दिवसांनी मी तिला खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि कागद पुढे ठेवला. तिने सुळक्याची जागा पाहिली, चौकटीचे आकडे पाहिले, मग कोपऱ्यातली तारीख. तारखेवर तिने बोट ठेवलं.

"व्हायवाच्या आधीची आहे," ती म्हणाली.

"हो. जुलैची नोकरी गेली असती तुझी. बाबांची निवृत्ती, सगळंच. मी तुझी डिग्री वाचवली, प्रज्ञा."

"हो, मॅडम." मग शब्द शोधत, नेहमीसारखी अडखळत म्हणाली, "पण मला विचारायचं होतं ना. मतलब, मला काय वाचवायचं होतं ते."

मी घाईघाईने म्हटलं, आपण शोधनिबंध लिहू, तुझं नाव पहिलं. ती म्हणाली, "लिहा ना." पण लिहायचा म्हणजे आलेख छापायचा, तारखा द्यायच्या, आणि ते म्हातारे परीक्षक तो निबंध वाचणारच. मी आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. मसुदा काढायचा, फाडायचा. एक हिवाळा गेला, दुसरा अर्धा गेला, आणि एके दिवशी बोटीने येणाऱ्या परदेशी मासिकाच्या अंकात जवळजवळ तोच पदार्थ दिसला. क्ष-किरणांचं चित्र, लाल, पिवळा, पुन्हा लाल, सगळं. तिकडच्या लोकांनी उत्तम काम केलं होतं. मी तो अंक वाचनालयाच्या टेबलावर उघडा टाकून घरी आले.

प्रज्ञा त्या कॉलेजात शिकवू लागली. चांगली शिकवते, असं तिचे विद्यार्थी माझ्याकडे यायचे ते सांगायचे. संशोधन तिने पुन्हा केलं नाही. मला दिवाळीला शुभेच्छापत्र यायचं, नुसती सही असलेलं.

निवृत्तीच्या आठवड्यात मी विभागाच्या वाचनालयात गेले, माझ्याकडची पुस्तकं परत करायला. मनात दुसरंच होतं. पर्समध्ये पेन्सिल आणि छोटी पट्टी घेतली होती. प्रज्ञाचा थिसिस काढून त्या आकृतीत ती रेघ मी स्वतः काढायची आणि समासात लिहायचं, की ही बरोबर होती, गाइड चूक होती. इतक्या वर्षांनी तेवढं तरी करावं.

थिसिस सगळ्यात खालच्या फळीवर होता, धूळ खात. चौथं प्रकरण उघडलं. लाल पदार्थाची आकृती. तीन लोखंडं, फॉस्फरसचा पूल, आणि पुलाखाली रेघ होती. छापलेली नव्हे. बाकीची आकृती छायाप्रतीची, राखाडी, आणि ही एकटी खऱ्या काळ्या शाईची, पट्टी लावून काढलेली, बाकी रेघांच्याच जाडीची. मी मागचं पान पाहिलं. थिसिस नेणाऱ्याने सही करायची तिथे सबंध कागदावर एकच सही होती, प्रज्ञाची. तारीख व्हायवाची. मी तिला कागद दाखवला त्याच्या दोन दिवस आधीची.

मी पेन्सिल बाहेर काढलीच नाही. थिसिस होता तिथे ठेवला आणि पुस्तकं परत केल्याची पावती घेऊन घरी आले.